वहीतून पुस्तकाकडे : प्रथम प्रकाशनाचा राज्य पुरस्कार आणि कर्जत-खालापूरच्या लेखिका

उत्कृष्ट मराठी वाङ्मयाच्या निर्मितीस उत्तेजन मिळावे, यासाठी महाराष्ट्र शासन दरवर्षी लेखकांना पुरस्कार देते. स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार या नावाने ते ओळखले जातात. त्यांतील नामवंतांच्या पुरस्कारांची वार्ता वृत्तपत्रांतून सर्वत्र पोहोचते. परंतु याच योजनेत प्रथम प्रकाशनाचा एक स्वतंत्र विभाग आहे, याची माहिती तालुक्याच्या गावी फारच थोड्यांना असते. लिहिणाऱ्याचे पहिलेच पुस्तक या विभागात विचारात घेतले जाते. मान्यवर लेखकांशी त्याची तुलना होत नाही. त्याच्याप्रमाणेच प्रथम पाऊल टाकणाऱ्यांशी ती होते. काव्यासाठी बहिणाबाई चौधरी, ललित गद्यासाठी ताराबाई शिंदे, कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे, लघुकथेसाठी ग. ल. ठोकळ आणि नाटकासाठी विजय तेंडुलकर यांच्या नावे हे पुरस्कार आहेत. समीक्षेसारख्या अभ्यासपूर्ण लेखनाचीही स्वतंत्र सोय आहे. अलीकडच्या वर्षांत प्रौढ वाङ्मयाच्या पुरस्काराची रक्कम १ लाख रुपये आणि प्रथम प्रकाशनाच्या पुरस्काराची रक्कम ५० हजार रुपये अशी राहिली आहे.

हा विभाग स्त्रियांसाठी राखीव नाही. तरीही होतकरू लेखिकेच्या दृष्टीने शासनाच्या सर्व वाङ्मयीन योजनांत तो सर्वांत जवळचा म्हणावा लागेल. घरसंसार, शेती, नोकरी यांतून वेळ काढून लिहिणाऱ्या स्त्रीचे पहिले पुस्तक पुष्कळदा उशिरा निघते. पहिले पुस्तक हीच या विभागाची मुख्य अट असल्याने, उशिरा का होईना, लिहिणारीला तेथे आपल्या बरोबरीच्यांत स्थान मिळते. प्रश्न उरतो तो पुस्तक निघेपर्यंतचा. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांपुरता तोच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

दोन नावांमागील हकीकत

पुरस्कारांना दिलेली नावे आपण सहसा सवयीने वाचून पुढे जातो. प्रथम प्रकाशनाच्या विभागातील दोन स्त्रियांची नावे मात्र थांबून पाहण्याजोगी आहेत.

बहिणाबाई चौधरी या जळगावजवळच्या असोद्याच्या. त्यांचा जन्म १८८० चा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, घरकाम करताना त्यांना ओव्या सुचत, आणि त्या म्हटल्या जात तेवढ्यापुरत्याच असत. घरातल्या माणसांनी, विशेषतः त्यांचे पुत्र कवी सोपानदेव चौधरी यांनी, त्यांतील काही रचना उतरवून घेतल्या म्हणून त्या टिकल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. आज मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असलेल्या या कवयित्रीने आपले पुस्तक पाहिले नाही. तिच्या नावाचा पुरस्कार पहिल्या काव्यसंग्रहाला मिळतो, हे एका अर्थी उशिरा फेडलेले ऋणच होय.

ताराबाई शिंदे यांची हकीकत याहून वेगळी. त्या बुलढाण्याच्या; वडील सत्यशोधक विचारांचे. सुरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवरील खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर जी टीका झाली, तिला उत्तर म्हणून त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध लिहिला. तो १८८२ साली पुण्यात छापला गेला. त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला. महात्मा फुले यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंचा पक्ष उचलून धरला. ताराबाईंचे दुसरे पुस्तक मात्र उपलब्ध नाही. त्यांचा निबंधही पुढे विस्मृतीत गेला. १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशित केल्यावर मराठी वाचकांना तो नव्याने कळला. मधल्या काळात ९३ वर्षे लोटली होती.

एकीचे शब्द दुसऱ्याने उतरवून घेतले म्हणून वाचले. दुसरीचे छापले गेले म्हणून, निदान एखाद्या प्रतीच्या आधाराने, पुन्हा हाती आले. तिसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. त्यांच्या नावे आत्मचरित्राचा राज्य पुरस्कार दिला जातो. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ नियतकालिकातून क्रमशः येत गेली आणि १९३४ पासून पुस्तकरूपाने भागशः प्रसिद्ध झाली. क्रमशः प्रसिद्धीची ही वाट लेखिकेला किती उपकारक असते, याचा विचार ग्रामीण भागात विशेष करावयास हवा. कारण सलग दोनशे पाने लिहिण्याइतकी उसंत तेथील स्त्रीला क्वचितच मिळते. आठवड्याला दोन पाने मात्र तिला शक्य असतात.

सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ साली निघाला. म्हणजे मराठी स्त्रीच्या मुद्रित कवितेला पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे. परंतु अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद १८७८ पासून २०२५ च्या दिल्ली येथील ९८ व्या संमेलनापर्यंत अवघ्या सहा स्त्रियांकडे आले : कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे आणि तारा भवाळकर. त्यांतील पहिल्या कुसुमावतीबाई. त्यांचे ग्वाल्हेरचे संमेलन १९६१ चे.

भाताच्या नावाचा तालुका

कर्जत हे मुंबईहून लोहमार्गाने १०० किलोमीटर. तेथून १५ किलोमीटरचा फाटा पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी स्थानके घेत खोपोलीस जातो. उल्हास, पेज आणि पाताळगंगा या नद्यांचा हा प्रदेश. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. मुंबईच्या गिरण्यांना वीज येथून गेली. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रात तयार झालेले भाताचे वाण तालुक्याचे नाव घेऊन राज्यभरच्या शेतांत पोहोचले आहेत. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मात्र या तालुक्यांचे नाव क्वचित दिसते.

या प्रदेशाकडे साहित्याचे लक्ष गेले नाही असे नव्हे. कर्जत-खालापूरच्या माथ्यावर उभ्या असलेल्या राजमाचीच्या परिसरावर गो. नी. दांडेकरांनी ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी लिहिली, आणि ती मराठीत मानाने वाचली जाते. माथेरानच्या भाई कोतवालांच्या सिद्धगडावरील बलिदानाविषयीही लिहिले गेले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वार्ताहरांनी, अधिकाऱ्यांनी, मदतीस धावलेल्यांनी त्या वाडीविषयी लिहिले. हे सारे बाहेरून आलेल्या सहृदय माणसांचे लेखन आहे. वाडीत नांदायला आलेल्या सुनेला तो डोंगर कसा दिसत असे, पाण्याची वाट किती होती, पावसाळ्याच्या रात्री म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी काय असे, हे तिच्या वा तिच्यासारखीच्या लेखणीतून यावयास हवे. अशा लेखनाची उणीव शासकीय अहवाल भरून काढू शकत नाही.

रचनेची परंपरा तर येथे जुनीच आहे. रायगड-ठाण्याच्या आगरी, कुणबी, कोळी समाजांत लग्नाचे विधी लावणारी धवलारीण ही स्त्री असते. ती धवळे म्हणते, आणि तिच्या गाण्यावाचून लग्नाचा विधी पुरा झाला असे जुनी माणसे मानीत नसत. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मराठीची आद्य कवयित्री म्हणून जिचे नाव घेतले जाते, त्या महानुभाव पंथातील महदाइसेच्या तेराव्या शतकातील रचनेचे नावही ‘धवळे’च. श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाची ती गीते आहेत. मराठीतील स्त्रीच्या काव्याचा आरंभ ज्या प्रकाराने झाला, तो प्रकार कोकणच्या लग्नमांडवात स्त्रीच्याच तोंडी उरला, ही साहित्याच्या इतिहासातील मोठी गोष्ट आहे. धवलारणींची संख्या आता रोडावत चालली आहे. ठाकर आणि कातकरी स्त्रियांच्या गाण्यांचीही तीच गत.

तथापि एक भेद स्पष्ट ठेवावयास हवा. परंपरेने आलेले गीत गोळा करणे हे संकलनाचे काम होय. स्वतः रचलेली कविता ही त्या स्त्रीची स्वतःची निर्मिती असते. प्रथम प्रकाशनाचा काव्यपुरस्कार दुसऱ्या प्रकारासाठी आहे. उत्साहाच्या भरात दोहोंची सरमिसळ झाली, तर संकलन अपुरे राहते आणि कवितेलाही न्याय मिळत नाही. एखाद्या निरक्षर स्त्रीने स्वतः रचलेले कोणी उतरवून घेतले, तर कर्तेपण तिचे. उतरवून घेणाऱ्याचे नाव शब्दांकनापुरते. महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव असे काम हाती घेतल्यास हा नियम आधीच पक्का करून घ्यावा.

कोण लिहिते?

ग्रामीण स्त्री लिहीत नाही, असा एक समज आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही. महिला बचत गटांची चळवळ गावोगाव पसरल्यापासून गटाचे इतिवृत्त लिहिणारी, जमाखर्च ठेवणारी एक तरी स्त्री गावात असतेच. अंगणवाडी सेविका रोज नोंदी लिहिते. आशा कार्यकर्ती घरोघरची हकीकत जाणते. प्राथमिक शिक्षिकांची संख्या मोठी आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींमध्ये स्त्रिया आल्या आणि २०११ पासून महाराष्ट्रात त्यांचे राखीव प्रमाण ५० टक्के झाले. सरपंच म्हणून काम केलेल्या स्त्रीजवळ जो अनुभव आहे, तो मराठी कादंबरीत अद्याप फारसा उतरलेला नाही. आश्रमशाळेतून शिकून बाहेर पडलेल्या ठाकर व कातकरी मुलींपैकी कित्येक जणी आपापल्या घरातील पहिल्या साक्षर स्त्रिया आहेत. दिवाळीनंतर वीटभट्टीवर कुटुंब निघून जाणे आणि पावसाच्या तोंडावर परतणे, हे कातकरी मुलीचे बालपण. तिच्याइतक्या अधिकाराने ते दुसरे कोण लिहिणार?

अशा स्त्रियांचे लेखन बहुधा वहीत असते. रोजनिशीच्या मागच्या पानांवर, मुलांच्या जुन्या वह्यांच्या उरलेल्या कागदांवर, आता काहींचे भ्रमणध्वनीवर. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात, जागतिक महिला दिनाला किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांतील एखादी कविता वाचली जाते, टाळ्या पडतात आणि वही पुन्हा ट्रंकेत जाते. हे लेखन उत्तमच असते असे मानण्याचे कारण नाही. पुष्कळसे सामान्य असते, अनुकरणाचे असते. शहरातील लेखकांच्या वह्यांतही तसेच असते. त्यांतले निवडण्याजोगे कोणते, हे जाणकार वाचकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय कळत नाही, आणि तालुक्याच्या गावी नेमका तो वाचकच लेखिकेला भेटत नाही.

पुस्तकापर्यंतची मदत

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना १९६० साली, राज्याच्या निर्मितीच्याच वर्षी झाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याचे पहिले अध्यक्ष. मंडळाच्या अनेक योजनांपैकी नवलेखक अनुदान योजना आपल्या विषयाशी निकट संबंध असलेली आहे. ज्यांचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नाही, अशांच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी या योजनेखाली अनुदान दिले जाते. कविता, कथा, कादंबरी, नाटक व एकांकिका, बालवाङ्मय, ललित लेख, चरित्र, आत्मकथन अशा विविध प्रकारांतील हस्तलिखिते मागविली जातात. तज्ज्ञांकडून ती वाचली जातात आणि पसंत पडलेल्या हस्तलिखिताच्या प्रकाशनास साहाय्य मिळते. यासंबंधीचे आवाहन साधारणपणे वर्षाच्या आरंभी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होते. नवलेखकांसाठी कार्यशाळाही मंडळामार्फत घेतल्या जातात.

या अनुदानाचे खरे मोल पैशापेक्षा अधिक आहे. नवोदिताचे पुस्तक, विशेषतः कवितेचे, पदरचे पैसे घालून काढावे लागते हे उघड गुपित आहे. काही शे प्रती छापायच्या, त्यांतल्या बऱ्याचशा आप्तेष्टांना वाटायच्या आणि उरलेल्या माळ्यावर ठेवायच्या, हा क्रम ठरलेला. ज्या स्त्रीच्या हाती स्वतःचा पैसा नाही, तिला यासाठी घरातून संमती घ्यावी लागते. आणि भाताच्या लावणीचा, मुलांच्या फीचा, आजारपणाचा खर्च पुढे उभा असताना पुस्तकासाठी पैसे मागणे तिला स्वतःलाच अवघड वाटते. मंडळाने हस्तलिखित वाचून मान्य केले, तर तिला घरात सांगण्यासारखे काही हाती येते. लेखनाची बाब मग छंदाच्या सदरातून कामाच्या सदरात जाते.

मंडळाचे अनुदान आणि राज्य पुरस्कार ही एकाच मार्गावरील दोन ठिकाणे आहेत. आधी हस्तलिखित, मग पुस्तक, त्यानंतर पुरस्कार. पुरस्काराची समिती वही वाचत नाही. ती पुस्तकच वाचते. म्हणून कर्जत-खालापूरमधून पुरस्काराकडे जाणारी वाट जर अडत असेल, तर ती पुरस्कारापाशी अडत नाही. ती वही आणि हस्तलिखित यांच्यामध्ये अडते.

घाईचे पुस्तक

येथे एका व्यावहारिक धोक्याकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. गावातल्या एखाद्या हौशी मंडळाच्या आग्रहाने वा निवडणुकीच्या, वाढदिवसाच्या निमित्ताने एखाद्या स्त्रीच्या वीस-पंचवीस कविता घाईने छापून पुस्तिका काढली जाते. हेतू चांगला असतो. मुद्रितशोधन झालेले नसते. निवड तर नसतेच. परंतु लेखिकेच्या नावावर ते पुस्तक म्हणून एकदा प्रसिद्ध झाले की, ‘एकही पुस्तक प्रसिद्ध नसलेली लेखिका’ ही तिची पात्रता धोक्यात येते, आणि प्रथम प्रकाशनाची संधीही त्या पुस्तिकेवर खर्ची पडू शकते. पुढे पाच वर्षांनी तिने खरोखरीचा संग्रह सिद्ध केला, तर तो दुसरा ठरेल. नियतकालिकांत, दिवाळी अंकांत, शाळेच्या वार्षिकात लेखन प्रसिद्ध होणे वेगळे. त्याने पहिले पुस्तक खर्ची पडत नाही, उलट हात तयार होतो. लिहिणाऱ्या स्त्रीला कौतुकाने पुस्तिका छापून देऊ पाहणाऱ्यांनी तो उत्साह थोडा आवरावा आणि त्याच पैशात तिचे लेखन स्वच्छ टंकलिखित करून द्यावे, हे अधिक हिताचे.

दुसरी बाब हक्कांची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचा हक्क लिहिणाराकडे असतो. त्याच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे तो टिकतो. प्रकाशकाशी करारनामा करताना हा हक्क कायमचा देऊन टाकण्याचे कारण नाही. पुस्तकाला लागणारा आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागितले, तर सावध व्हावे. नावाचाही प्रश्न असतो. माहेरचे नाव घालावे, सासरचे घालावे की केवळ स्वतःचे, हे लेखिकेने स्वतः ठरवावे आणि अर्जात, पुस्तकावर व बँकेच्या खात्यात त्याचा मेळ कसा बसेल ते आधीच पाहून ठेवावे. नावातील तफावतीमुळे स्त्रियांची कागदपत्रे कशी अडकतात, हे तहसील कचेरीत काम केलेल्या कोणासही सांगावयास नको.

शाळा, वाचनालय, पंचायत

हस्तलिखित तयार होण्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. मराठी शाळांत हस्तलिखित अंक काढण्याची जुनी प्रथा होती. वर्गातील मुलांनी लिहायचे, सुंदर अक्षराच्या मुलीने उतरवायचे, चित्रकलेच्या मुलाने मुखपृष्ठ करायचे. ही प्रथा जेथे टिकली आहे तेथे ती मुलांच्या मातांपर्यंत नेता येईल. वर्षातून एक अंक मातांचा असावा. पहिल्या वर्षी पाककृती आणि उखाणे येतील, येऊ द्यावेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एखादी आई आपल्या माहेरच्या नदीविषयी लिहील, आणि शिक्षकाला तेव्हा कळेल की ही बाई लिहू शकते.

सार्वजनिक वाचनालयांना १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वर्गवारीप्रमाणे शासकीय अनुदान मिळते. त्यांतील वर्तमानपत्रे वाचायला पुरुष येतात. स्त्रिया पुस्तक बदलून निघून जातात. महिन्यातील एक दुपार वाचनालयाने लिहिणाऱ्या स्त्रियांसाठी ठेवावी. वेळ दुपारीच ठेवावी, सायंकाळी नव्हे. सायंकाळी चूल असते. त्या बैठकीत एकीने वाचावे, इतरांनी ऐकावे आणि काय कळले नाही तेवढे सांगावे. स्तुती आणि टीका दोन्ही पहिल्या वर्षी कमी असलेली बरी. पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत बैठक भरणार नाही, हे गृहीत धरून कार्यक्रम आखावा. अन्यथा आषाढात उपस्थिती शून्य पाहून योजनाच गुंडाळली जाते.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाची असते. शिवणयंत्रे आणि भांडी यांखेरीज त्या निधीतून काय बसू शकते, याची चौकशी गटविकास अधिकाऱ्यांकडे करावी. ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिला सभेत पुरस्कार व अनुदान यांची सूचना वाचून दाखविणे यास तर काहीच खर्च नाही. पंचायतीच्या फळ्यावर शासकीय सूचना लागते, पण ती वाचण्यासाठी स्त्रिया फळ्यापाशी थांबत नाहीत. सभेत वाचली गेली तर ऐकली जाते. महिला सदस्यांनी हे काम आपल्याकडे घ्यावे.

भाषेविषयीही थोडे सांगावयास हवे. आगरी, ठाकरी, कातकरी बोलीत लिहिलेले लेखन ‘अशुद्ध’ म्हणून शिक्षकांकडून पुष्कळदा सुधारले जाते. बहिणाबाईंची कविता खानदेशच्या बोलीत आहे, आणि ती प्रमाणभाषेत आणली असती तर तिचे काय उरले असते, याचा विचार लाल शाईची दौत उघडण्यापूर्वी करावा. लेखनातील खरी चूक दुरुस्त करावी. बोलीचा शब्द तसाच ठेवावा, आणि तो वाचकाला अडेल असे वाटल्यास शेवटी शब्दार्थ द्यावेत.

कोकणात या कामी शासनाबाहेरचीही मदत आहे. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने १९९१ साली स्थापन झालेली कोकण मराठी साहित्य परिषद कोकणातील लेखकांसाठी संमेलने व पुरस्कार चालविते. साहित्य अकादमीचे युवा पुरस्कार २०११ पासून दिले जातात आणि ३५ वर्षांखालील लिहिणाऱ्यांना ते खुले असतात. अकादमीचे मुंबई कार्यालय दादरला आहे.

अर्ज कोठे द्यावा

राज्य पुरस्कारासाठी जानेवारी ते डिसेंबर या एका वर्षात पहिली आवृत्ती प्रसिद्ध झालेली पुस्तके मागविली जातात. पुस्तकावर छापलेले प्रकाशनाचे वर्ष येथे निर्णायक असते. डिसेंबरात छपाई पूर्ण झाली आणि प्रकाशन समारंभ संक्रांतीनंतर ठेवला, म्हणून पुस्तकावर कोणते वर्ष छापावयाचे याचा घोळ अनेक ठिकाणी होतो. तो मुद्रकाकडे प्रत जाण्याआधीच मिटवावा. प्रवेशिका मुंबईत मंडळाच्या कार्यालयात मिळतात. मुंबई शहर व उपनगर वगळता इतर जिल्ह्यांत ही सोय जिल्हाधिकारी कार्यालयांतही केलेली असते. शेवटची तारीख, प्रतींची संख्या आणि सोबतची कागदपत्रे त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावीत. मागल्या वर्षीच्या प्रवेशिकेवर विसंबू नये.

कर्जत-खालापूरच्या लेखिकेपुढे येथे दोन वाटा आहेत. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग. तेथे जाण्यास खोपोली-पेण मार्गे एस.टी. बदलत जावे लागते आणि परतताना दिवस मावळतो. मंडळाचे कार्यालय मुंबईत प्रभादेवी येथे, रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीत आहे. कर्जतहून वा खोपोलीहून निघालेली लोकल दादरला थांबते. जिल्हा आपला म्हणून अलिबागचीच वाट धरली पाहिजे असे नाही. ज्या बाईला मुंबईस भाजी, दूध वा डबे घेऊन जाणाऱ्या गाडीची वेळ तोंडपाठ आहे, तिने पुस्तकाच्या प्रती पिशवीत घालून त्याच गाडीने जावे आणि प्रवेशिका दिल्याची पोच हाती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.